भिकाजीचा चौकड्यांचा किल्ट

भिकाजी तोरस्करच्या रागाची ख्याती रुवीतल्या त्याच्या दुकानाच्या गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचलेली होती. चहात साखर जास्त पडली तरी त्याचं डोकं फिरायचं. आणि एखाद्या गिऱ्हाइकाने जुना वॉशर न आणता "असाच गोल असतो, एवढासा" म्हणून बोटांनी दाखवलं, की मग बघायलाच नको. मूळचा वेंगुर्ल्याकडचा, ओमानात रुवीला बावीस वर्षं झालेली. मिस्त्री पंप आणि कंप्रेसरचा, हात असा की कंप्रेसर नुसता कानाने ऐकून बिघाड सांगायचा. अशा माणसाचा राग मालकलोक पोटात घालतात. पण हात चालतो तोवरच, हे त्यालाही ठाऊक होतं.

एक संध्याकाळ तेवढी त्याच्या रागातून सुटायची. कामावरून यायचं, आंघोळ करायची आणि निळ्या चौकड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली लुंगी कमरेला गुंडाळायची. मग माणूस निवायचा. त्याची बायको मंगला म्हणायची, "लुंगी नेसली काय ह्यांच्याशी बोलूक हरकत नाय." बारावीतली मुलगी विशाखा हिला बाबांकडे काही मागायचं असलं की ती लुंगीची वाट बघायची. बाप पँटमध्ये असेपर्यंत खोलीतून बाहेरच यायची नाही.

सप्टेंबरात एका इमारतीच्या गच्चीवर कंप्रेसर उघडताना तेलाची नळी सुटली आणि उकळतं तेल भिकाजीच्या उजव्या मांडीवर आलं. इस्पितळात डाव्या मांडीची कातडी काढून उजवीवर लावली. म्हणजे एक भाजलेली आणि दुसरी सोललेली. दीड महिन्याने डॉक्टरीण मुनिबांनी बजावलं, "एप्रिलपर्यंत पँट बंद. दोन पायांच्या मधे शिवण नको, घासणारं काही नको, हवा खेळती पाहिजे."

"म्हणजे लुंगी?" भिकाजीने विचारलं.

"लुंगी उत्तम," डॉक्टरीण म्हणाली.

भिकाजीला वाटलं, चला, देवाने निदान इथे तरी आपली बाजू घेतली. गच्चीवरचं काम तर आता जमणार नव्हतं. पण दुकानात काउंटर होता, पंप आणि कंप्रेसरच्या सुट्या भागांचा. तिथे बसून गिऱ्हाइकाला योग्य तो भाग काढून द्यायला त्याच्याइतका जाणता माणूस दुसरा नव्हता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी धुतलेला पांढरा शर्ट, इस्त्री केलेली लुंगी आणि पायांत काळ्या चपला अशा थाटात तो दुकानात गेला.

दुकानाचा मॅनेजर रमण. पालघाटचा मल्याळी माणूस, त्या खुर्चीत अठरा वर्षं बसलेला. त्याचा मुलगा स्वरूप विशाखाच्याच वर्गात होता. त्यामुळे दोन्ही घरांची तोंडओळख होती, जाणंयेणं नव्हतं. रमणने लुंगीकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"भिकाजी, ये क्या है?"

"लुंगी. डॉक्टरने सांगितलंय." दोघांचं बोलणं हिंदीतच चालायचं, पण अर्थ एवढाच.

"घरी नेस. काउंटरवर नाही चालणार. अर्बाबला आवडत नाही."

अर्बाब म्हणजे मालक. म्हातारा माणूस, इब्रीला राहायचा, चार-सहा महिन्यांनी एकदा दुकानात यायचा, खजूर वाटायचा आणि जायचा. दुकानात मात्र अर्बाबचं नाव दिवसातून वीसदा निघायचं. एसी सोळावर नको, अर्बाबला आवडत नाही. काउंटरवर डबा खायचा नाही, अर्बाबला आवडत नाही. बावीस वर्षांत अर्बाबला काय काय आवडत नाही ते भिकाजीला पाठ झालं होतं. काय आवडतं, ते काही कोणी सांगितलं नव्हतं.

"मग मी काय करू? पँट घालू आणि कातडी सोलून घेऊ?"

"तुझी मर्जी. पण बघ, तुझा व्हिसा जानेवारीत रिन्यू करायचाय. काम न करणाऱ्या माणसाचा व्हिसा कोण रिन्यू करणार?"

हे वाक्य रमण अगदी शांतपणे बोलला. भिकाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडून चालणार नव्हतं. कारण व्हिसा त्याचा एकट्याचा नव्हता. त्याच्या व्हिशावर मंगला होती, विशाखा होती आणि विशाखाची फेब्रुवारीत सुरू होणारी बोर्डाची परीक्षा होती. व्हिसा गेला की तिघांनी सामान बांधायचं आणि पोरीने बारावीच्या मध्यातून उठून वेंगुर्ल्याला जाऊन बसायचं. पोरगी पहाटे चारला उठून अभ्यास करायची. ती परीक्षा पार पडेपर्यंत काउंटर सोडायचा नाही, काय वाट्टेल ते झालं तरी सोडायचा नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पँट घातली. दुपारपर्यंत ती मांडीला चिकटली. संध्याकाळी मंगलाने कोमट पाण्याने भिजवून भिजवून ती सोडवली तेव्हा पाण्याला लाल रंग आला. मंगला रडली आणि भिकाजीने शिव्या घातल्या. रमणला, पँटला, पँट शोधून काढणाऱ्या माणसाला.

चार दिवसांनी तो पुन्हा लुंगी नेसून दुकानात गेला. भांडायला नव्हे, हात जोडायला. आयुष्यात पहिल्यांदा. रमणच्या टेबलासमोर उभा राहून तो बोलायला सुरुवात करणार, तोच दुकानाचा दरवाजा उघडला आणि एक गोरा आत आला. साठीचा, उंचापुरा, लाल मानेचा. अंगात साधा शर्ट, पायांत जाडे बूट, आणि कमरेला? खाकी रंगाचा, मागे प्लेटी असलेला, गुडघ्यापर्यंतचा घागरा!

रमण खुर्चीतून टुणकन उठला. "गुड मॉर्निंग सर! प्लीज सर, सीट सर. व्हेरी नाइस किल्ट, सर!"

भिकाजी बघतच राहिला. त्या माणसाचे गुडघे दिसत होते. केसाळ, पांढरे फटक, दोन्हीच्या दोन्ही. आणि ज्याची लुंगी घोट्यापर्यंत लोळत होती त्याला काउंटरवर बंदी! आवशीचो घोव, म्हणाला तो मनात. मग मनात मावेना म्हणून मोठ्याने म्हणाला.

"रमण, याला चालतं?"

"अरे, हळू बोल. तो त्यांचा नॅशनल ड्रेस आहे."

"काउंटरवर चालतं?"

गोरा कुतूहलाने बघत होता. त्याला बगलेत धरून आणलेल्या छोट्या पंपासाठी सील हवी होती, पण भांडण त्याहून बरं वाटलं असावं. रमणला त्याच्यासमोर नाही म्हणता येईना. "चालतं. डीसेंट आहे ते. बेल्ट आहे, बक्कल आहे," तो पुटपुटला. "पण गुडघ्याखाली पाहिजे."

"झालं तर. मी तेच घालून येतो," भिकाजी म्हणाला आणि गोऱ्याकडे वळला. "सर, ये कितना... हाऊ मच? व्हेअर फ्रॉम?"

गोरा खुशीत आला. माणूस स्कॉटलंडचा, इथे कुठल्याशा कंपनीत इंजिनियर. दुकानाच्या मधोमध उभं राहून त्याने भिकाजीला अख्खा किल्ट समजावून दिला. लग्नात घालतात तो चौकड्यांचा, लोकरीचा, आठ वार कापडाचा, महागडा आणि जड. इथल्या उन्हात तो घातला तर माणूस शिजेल. हा रोजचा. सुती ड्रिल, चार-पाच वारांत होतो, मशीनमध्ये धुता येतो, दोन्ही बाजूंना खिसे. समोर सपाट, प्लेटी फक्त मागे आणि बाजूंना. कापड पुढे एकावर एक येतं, वरचा पदर डावीकडून उजवीकडे आणि बक्कल उजव्या कमरेला. बसताना मागच्या प्लेटी हाताने सारख्या करून बसायचं, नाहीतर उठल्यावर तारांबळ. सगळ्यात मुख्य म्हणजे दोन पायांच्या मधे शिवण नाही!

"म्हणजे बेल्टवाली लुंगी," भिकाजी म्हणाला.

"एक्झॅक्टली!" गोरा हसला. भिकाजी हसला नाही. बेल्टवाली लुंगी डीसेंट आणि बिनबेल्टची इनडीसेंट, या विचाराने त्याचे कान तापले होते. पण त्याने गोऱ्याचे पुढून, मागून, बाजूने फोटो घेतले आणि त्याला सील फुकट दिली.

तिथून तो थेट शरीफकडे गेला. शरीफ हर्णैचा, रुवीत चौदा वर्षं टेलरिंगचं दुकान. दिशदाशा, म्हणजे ओमानी पुरुषांचे पायघोळ झगे शिवायचा, सूट शिवायचा, आणि मार्च-एप्रिलमध्ये शाळांचे गणवेश. भिकाजीचा जुना दोस्त. त्याने फोटो पाहिले आणि शिलाई मशीनवर डोकं ठेवून हसत सुटला.

"हसून झालं की सांग," भिकाजी ओरडला.

"अरे बाबा, हा तर मुलींचा स्कर्ट. असले वर्षाला दोनशे शिवतो मी. उद्या घेऊन जा."

"स्कर्ट नाही! किल्ट. समोर सपाट हवा. तू प्लेटी सगळीकडे टाकशील, मला माहितेय."

आणि शरीफने खडूने चारी बाजूंना प्लेटींच्या खुणा केल्याही होत्या. हाताची सवय ती. भिकाजीने त्याच्या हातातला खडू काढून घेतला, फोन समोर धरला आणि सगळ्या खुणा पुसायला लावल्या. मग कापडावरून रणकंदन. दुकानात लोकरीचं मिश्रण होतं. नको, उकडेल. चमकतं पॉलिस्टर होतं. नको, मांडीला चिकटेल. खाकी ड्रिल संपलेलं, पुढच्या महिन्यात येणार. पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला वेळ कोणाला होता? मग वरच्या फळीवर, मागच्या कोपऱ्यात भिकाजीला एक गठ्ठा दिसला. राखाडी जमिनीवर मरून आणि निळ्या चौकड्या, टेरीकॉटन, हाताला बऱ्यापैकी सुती लागणारं. त्याने चोळून पाहिलं, गालाला लावून पाहिलं. छान. शिवाय गोरा सांगत होता त्या लग्नाच्या किल्टसारख्याच चौकड्या.

"हे कसं?"

शरीफने भिकाजीकडे जरा रोखून पाहिलं. "हे? नक्की ना? दोन वर्षं पडून आहे. तुला अर्ध्या भावात देतो."

"कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय. डोळ्याला बरं वाटतं."

"वाटणारच," शरीफ म्हणाला. भिकाजीला सगळं माहीत आहे आणि काटकसरीसाठी तो मुद्दामच हे कापड निवडतोय, असं त्याला वाटलं. म्हणून तो पुढे काही बोलला नाही.

किल्ट दोन दिवसांत झाला. प्लेटी मागे, कमरेपासून नितंबापर्यंत शिवून बसवलेल्या. गुडघ्याखाली चार बोटं उतरणारा. दप्तरं दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेल्या दोन पट्ट्या आणि बकलं. दोन्हीकडे मोठे खिसे. वाऱ्याने पदर उडू नये म्हणून पुढच्या कोपऱ्याला मोठी सेफ्टी पिन. भिकाजीने तो शरीफच्या दुकानातच घातला आणि दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा सरळ चालला. मांडीला कुठेच काही लागत नव्हतं. बसला, उठला, वाकला. शपथेवर सांगतो, त्या क्षणी त्याला गोऱ्याबद्दल, शरीफबद्दल, अख्ख्या जगाबद्दल प्रेम वाटलं. असं त्याला फार वाटत नसे.

तो तसाच घरी गेला. दार विशाखाने उघडलं. तिने किल्टकडे पाहिलं आणि तिच्या हातातलं पुस्तक खाली आलं.

"बाबा. Oh my God. बाबा, हे... हे माझं स्कर्ट आहे."

"तुझा कसा? नवीन शिवलाय."

"नाही, म्हणजे, हे आमचं uniform आहे. Old one. मी ninth पर्यंत हेच घालायची!"

मंगला स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि जागच्या जागी थांबली. सहा वर्षं हे कापड तिने धुतलं होतं, बाल्कनीत वाळत घातलं होतं, रोज सकाळी प्लेट प्लेट धरून इस्त्री केलं होतं. शाळेने दोन वर्षांपूर्वी गणवेश बदलला आणि शरीफकडे उरलेला गठ्ठा पडून राहिला. भिकाजीच्या डोळ्याला ते कापड ओळखीचं का वाटलं, हे आता त्याला कळलं.

"अवो, तुमका दिसला नाय?" मंगला म्हणाली. "सा वर्सां तुमच्या डोक्यावर वाळत व्हता!"

भिकाजीचं तोंड लाल झालं. "कापड तां कापड! त्येच्यावर शाळेचा नाव लिवलाहा?"

"बाबा, please, हे घालून शाळेत नका येऊ," विशाखा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याने भिकाजी आणखीच चिडला. मी हे कोणासाठी घालतोय, असं ओरडायचं त्याच्या तोंडाशी आलं. पण परीक्षा तिची होती, ओझं तिच्यावर आधीच पुष्कळ होतं. म्हणून त्याने दार आपटलं, जे त्याला नेहमीच जमायचं.

दुसऱ्या दिवशी तो चौकड्यांचा किल्ट घालून काउंटरवर उभा राहिला. रमणने वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण शब्द दिला होता, तोही गोऱ्यासमोर. "ठीक है," तो म्हणाला. "पण पिन नीट लाव."

आणि मग सुरू झालं. गिऱ्हाइकं हसायची. बंगाली ड्रायव्हर एकमेकांना कोपर मारायचे. शेजारच्या दुकानातला बंटी रोज दारातून डोकावून बॅगपाइपचा आवाज तोंडाने काढायचा आणि भिकाजी रोज त्याच्या अंगावर पाना घेऊन धावायचा. वरच्या फळीवरचा माल काढायला शिडी लागायची. पहिल्याच दिवशी भिकाजीने सांगून टाकलं, "मी शिडीवर चढणार नाही. आत काय आहे आणि काय नाही ते डॉक्टरला विचार." तेव्हापासून पन्नाशीचा रमण स्वतः धापा टाकत शिडी चढायचा. पाच महिन्यांत भिकाजीला मिळालेलं सुख म्हणाल तर एवढंच.

डिसेंबरात खाकी ड्रिल आलं आणि शरीफने दुसरा किल्ट शिवला. साधा, बिनचौकड्यांचा. भिकाजीला वाटलं, सुटलो. पण त्याच्या आधीच कोणा गिऱ्हाइकाने काउंटरवर त्याचा व्हिडिओ काढला होता. दहा सेकंदांचा. भिकाजी चौकड्यांमध्ये उभा आणि कोणावर तरी खेकसतोय. तो फिरत फिरत बारावीच्या मुलांच्या ग्रुपवर गेला. खाली कोणीतरी लिहिलं, 'आमचा जुना युनिफॉर्म, नवीन ॲडमिशन.' विशाखा दोन दिवस शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, पण घरात बोलेनाशी झाली. खाकी दाखवला तर नुसती म्हणाली, "Colour ने काय होणार, बाबा."

भिकाजीला रात्रंदिवस एकच वाटायचं, जाऊन रमणच्या टेबलावर तो किल्ट आपटावा आणि म्हणावं, घे, खलास, मी चाललो. पण जानेवारी आला, व्हिसा रिन्यू झाला. तरी रमण अधूनमधून म्हणायचाच, "कॅन्सल करायला एक सही पुरते." भिकाजी दात आवळून सुट्या भागांचे खोके मोजायचा.

जानेवारीच्या शेवटी बारावीच्या मुलांचा निरोप समारंभ होता. आईबापांना बोलावणं होतं. सकाळी विशाखा मंगलाची मरून साडी नेसून तयार झाली. काय दिसत होती! लुंगी काउंटरवर चालत नाही तर शाळेत कुठून चालणार, म्हणून भिकाजी खाकी किल्ट घालून दारात उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. "बाबा, आई येईल ना," ती म्हणाली. बस, एवढंच.

तो गेलाच. पण आत गेला नाही. शाळेच्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे बसथांबा होता, तिथे तो सकाळी दहा ते दुपारी एक उभा राहिला. भिंतीपलीकडून माइकवरची नावं ऐकू येत होती. 'विशाखा तोरस्कर' म्हटलं तेव्हा टाळ्या झाल्या. त्यानेही वाजवल्या, एकट्याने, बसथांब्यावर. मग इतका संताप आला की तो मुठीने थांब्याच्या खांबाला मारत सुटला. टॅक्सीवाले बघत राहिले.

परीक्षा झाली. शेवटचा पेपर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. विशाखा घरी आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "झालं." भिकाजीने त्याच क्षणी ठरवलं की आता आपलंही झालं. मांडीही जवळजवळ भरत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन्ही किल्ट घडी करून पिशवीत भरले आणि निळ्या चौकड्यांची लुंगी नेसली. "व्हिसा जाता तर जाऊ दे," तो मंगलाला म्हणाला. "आज त्या रमणाक बघतंय." मंगलाने अडवलं नाही.

तो दुकानात शिरला तेव्हा काउंटरजवळच्या खुर्चीत अर्बाब बसला होता. आजच नेमका इब्रीहून आलेला, समोर खजुराचा डबा. मागे रमण हात बांधून उभा. रमणने लुंगी पाहिली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. भिकाजी मात्र मागे हटला नाही. मनात जमवून आणलेलं सगळं बोलायला त्याने तोंड उघडलं, पण अर्बाबच आधी बोलला. जुन्या ओमानी माणसांना हिंदी येते, त्यालाही येत होती.

"भिकाजी! पाय कसा आहे?"

"बरा आहे, अर्बाब."

म्हाताऱ्याने लुंगीकडे पाहिलं आणि मान डोलावली. "हे चांगलं केलंस. मोकळं. माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तीन महिने असाच होतो, नुसत्या वझारवर. पाहुण्यांच्या मजलिसमध्येही तसाच बसायचो. कोण काय बोलणार?" आणि त्याने घोट्यापाशी पांढरा दिशदाशा बोटभर उचलून आतलं, कमरेपासून गुंडाळलेलं वस्त्र दाखवलं. वझार. म्हणजे लुंगीच, दुसरं काय! "मग पाच महिने ते दुसरं काय घालत होतास? माझ्या मुलाने मला व्हिडिओ दाखवला. मला वाटलं, तुझ्या गावचा पोशाख असेल. म्हणून विचारलं नाही. माणसाला वाईट वाटतं."

अर्बाबने भिकाजीच्या हातावर चार खजूर ठेवले, खांद्यावर थोपटलं, इन्शाल्ला लवकर बरा हो म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

भिकाजी रमणकडे वळला. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, आणि म्हणूनच रमण घाबरला.

"अर्बाबला आवडत नाही. हो ना? कधी विचारलंस त्याला?"

रमणने चष्मा काढून पुसला. "मी आलो तेव्हा आधीच्या मॅनेजरने मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी कधी विचारलं नाही. अर्बाबला कोण विचारतं?"

कोण विचारतं! भिकाजीला हसावं की डोकं आपटावं कळेना. त्यालाही हे माहीत नव्हतं का? होतं की! मत्रहच्या मासळीबाजारात शेकडो ओमानी कोळी वझारवर उभे राहून सुरमई कापताना तो बावीस वर्षं बघत होता. बावीस वर्षांत त्याने स्वतः तरी कधी अर्बाबला एक प्रश्न विचारला होता? खजूर घेतले होते आणि मान हलवली होती. राग रमणवर होता तेवढाच आता स्वतःवर आला, आणि स्वतःवर आलेला राग काढायला पाना घेऊन कोणाच्या अंगावर धावता येत नाही.

दुपारी जेवताना त्याने घरी सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला, ताटातला भात थंड झाला. विशाखा ऐकत होती.

"म्हणजे तुम्ही lungi नेसून येऊ शकत होता? Farewell ला?" तिने विचारलं.

"लुंगी बघून काय कमी लाजली असतीस तू?"

"Lungi ने कशाला?" विशाखा म्हणाली. तिला शब्द शोधावे लागत होते, पण तिने शोधले. "Lungi मध्ये तर मी तुम्हाला रोज बघते. Lungi मध्ये तुम्ही... तुम्ही चांगले असता. आणि farewell ला कितीतरी जणांचे अप्पा मुंडू, म्हणजे त्यांची lungi च, नेसून आले होते. रमण uncle पण. White, golden border. स्वरूपने त्यांच्याबरोबर photo पण काढला."

भिकाजीने घास खाली ठेवला. बसथांब्यावरून त्याला फाटक दिसलं होतं, आतलं काही दिसलं नव्हतं. मंगला आत होती, तिने पाहिलं होतं. पण दात आवळून दिवस काढणाऱ्या नवऱ्याला ते सांगायची तिची छाती झाली नव्हती. ती आता मान खाली घालून भाकरी मोडत होती.

तो उठला, हात धुतला, किल्टची पिशवी उचलली आणि लुंगीवरच निघाला. उन्हं टळटळीत होती. दुकानात रमण एकटाच होता. भिकाजीने पिशवीतून चौकड्यांचा किल्ट काढला आणि त्याच्या टेबलावर, बिलबुकांवर ठेवला.

"फेअरवेलला तू काय नेसून गेला होतास?"

रमण उत्तर द्यायच्या आधीच सगळं समजला. तो उभा राहिला. "भिकाजी, सॉरी. खरंच सॉरी. मी विचार नाही केला."

"सॉरी मला नको," भिकाजी म्हणाला. "संध्याकाळी माझ्या घरी ये. विशाखाला सांग."

"काय सांगू?"

"तिचं नाव पुकारलं तेव्हा तिचा बाप फाटकासमोरच्या बसथांब्यावर उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि तो आत का नव्हता, ते सांग."